कुकरचा वारंगुळा

कुकर विकायला जाताना डाळ शिजवायचं पाणी मी सोबत न्यायचो. पत्र्याचा डबा होता, त्याला लाकडी बूच. आमच्या भागात विहिरींचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत उकळली तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं राहतं. ते पाणी कुकरात गेलं असतं तर कुकरचं काही खरं नव्हतं. म्हणून मी घरच्या गोड्या आडाचं पाणी न्यायचो आणि त्यात चिमूटभर पापडखार आधीच विरघळवून ठेवायचो. डाळही भिजवून परत वाळवलेली असायची. तीन शिट्ट्यांत वरण. बायका एकमेकींकडं बघायच्या, मी घड्याळाकडं बघायचो.

हे पाण्याचं मी पहिल्यांदाच सांगतो आहे. बायकोलाही माहीत नाही. तिला वाटतं मी त्या काळी भांड्यांच्या दुकानात होतो. भांडी होती, एवढं खरं आहे.

पण पाण्याचं मला फार वाटत नाही. त्या पाण्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. ज्यानं बिघडलं, ते मी कायद्याचा कागद हातात घेऊन, अक्षर न् अक्षर खरं वाचून केलं.

बहात्तरच्या दुष्काळात मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. धाराशिवकडच्या वाशीच्या पुढं एका गावाला पाझर तलावाचं काम निघालं, तिथं हजेरी कारकून म्हणून लागलो. सकाळी नावं घ्यायची, आठवड्यानं खोदलेले खड्डे मापायचे, मापाप्रमाणं टोळीचा पगार काढायचा. त्यात पाच बायकांची एक टोळी होती. त्यांचं माप कधी कमी भरलं नाही, पण हजेरी रोज चुकायची. नावं पाच, खोदायला चार. चौकशी केली तर पाचवी बाभळीखाली सगळ्यांची लेकरं घेऊन बसलेली.

मी म्हटलं, "ही बाई काम करत नाही. हिची हजेरी कशी मांडू?"

टोळीतली एक उंच बाई पुढं आली. "आज ती बसलीया, उद्या मी बसन, परवा ही. वारंगुळा हाय आमचा. तुमी मांडा पाच."

वारंगुळा आमच्याकडं सगळ्यांना माहीत. आज सगळ्यांचे बैल आणि सगळ्यांचे हात एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय तो मोडत नाही. मधेच कुणी अंग काढून घेतलं तर त्या माणसाकडं पुढं कुणी जात नाही. नियमात असं काही नव्हतं, पण मी पाच मांडली. नोकरीत मी केलेलं ते पहिलं बेकायदेशीर काम, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

ती उंच बाई गावची दाई. पुढं सरकारचं प्रशिक्षण झालं, आरोग्य केंद्रातून पेटी मिळाली. तिचं घर बौद्ध वस्तीत. तिचा भाऊ म्हणायचा, असली कामं आपण सोडून दिलीत. ती म्हणायची, "सोडलेलं काम येगळं आन हे येगळं. ह्याची सरकारनं पेटी दिलीया." टोळीतल्या दोघी तिच्याच वस्तीतल्या होत्या, दोघी गावातल्या. त्या गावातल्या दोघींपैकी एक तर मोठ्या घरची, पंचवीस-तीस एकर कोरडवाहू. पण त्या साली मोठ्या घरालाही घमेलं उचलावं लागलं. दिवसभर एकमेकींच्या डोक्यावर घमेली देणाऱ्या ह्या बायका पाणी मात्र दोन वेगळ्या माठांतलं प्यायच्या. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मलाही नाही. मी दाईला आक्का म्हणायचो, ती मला हजेरीवाले म्हणायची.

दुष्काळ सरला, काम बंद झालं. मग दोन-तीन वर्षं एका सोसायटीत सचिवाच्या हाताखाली काढली, आज कायम करतील, उद्या कायम करतील म्हणून. कायम करायची वेळ आली तेव्हा चेअरमनच्या पुतण्याला कायम केलं. त्याला बेरीज यायची नाही, ती त्याला मीच शिकवली होती. त्यानंतर कुकरची कंपनी भेटली.

कंपनीची मीटिंग तुळजापुरात एका लॉजवर असायची. त्यामुळं आम्हा एजंटांना घरी देवीला जाऊन येतो असं सांगता यायचं, आणि मीटिंग सुटल्यावर आम्ही जायचोही. साहेब बाहेरचे, इस्त्रीचा बुशशर्ट, शांत बोलणं. त्यांनी फळ्यावर एक झाड काढलं, वरून खाली वाढणारं. एक बाई निम्मी रक्कम भरून कुकर नोंदवणार. तिनं चार नव्या बायका आणायच्या. त्या चौघींनी भरलं की पहिलीचा कुकर घरपोच. मग त्या चौघींनी आपापल्या चार-चार आणायच्या.

परंड्याकडचा एक एजंट होता, त्यानं विचारलं, "साहेब, गावातल्या बाया संपल्या की?"

"दुसरं गाव."

"तालुका संपला तर?"

"तालुका संपेपर्यंत तुम्ही मॅनेजर झालेले असाल."

सगळे हसले. परंड्याचा हसला नाही.

मग साहेबांनी मुख्य गोष्ट सांगितली. "कुकर कुणीही विकेल. गावात जिच्या शब्दावर बायका हलतात, ती एक बाई शोधा. मास्तरीण, नर्स, कुणीही. ती मिळाली की तुम्ही गप्प बसायचं. ती बोलेल."

मला लगेच आक्का आठवली. विचार करायला थोडा वेळ लागला असता तर आज लिहायला बरं वाटलं असतं. पण लागला नाही.

टोळीतल्या त्या मोठ्या घरच्या बाईच्या अंगणात मी स्टोव्ह पेटवला. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. ती घरमालकीण म्हणून पायरीवर बसलेली. आक्का अंगणाच्या कडेला, तुळशीच्या अलीकडं.

पहिली शिट्टी झाली तसं मालकीणबाईंनी विचारलं, "ही वरडती कशाला?"

"आत झालं म्हणून सांगते."

"झालं म्हून सांगाय आमच्या घरात लई माणसं हायत. झालं का म्हून इचारायलाबी हायत."

दुसरी एक म्हणाली, "आन फुटला तर?"

"फुटत नाही."

"तुमी असस्तवर फुटायचा न्हाय. तुमी गेल्यावर?"

सगळ्या हसल्या. मी साहेबांनी सांगितल्याप्रमाणं गप्प बसलो. आक्का बोलली. "म्या तर घेनार. जळण तरी वाचंल. आन ह्या भावाला म्या वळखते. तळ्यावर बसलेल्या बाईची हजेरी मांडनारा मानूस हाय ह्यो. आपल्याला ठकवनार न्हाय."

चव बघायला वरण वाटलं. बाकीच्यांना त्या घरच्या वाट्यांत दिलं. आक्कानं पिशवीतून स्वतःची वाटी काढली. कुणी सांगितलं नव्हतं. ती आणलेलीच होती.

पाच जणी तयार झाल्या. तीच जुनी टोळी. मी अर्ज भरायला बसलो. पहिला आक्काचा. खाली चार नव्या सभासदांची नावं लिहायची होती. आक्कानं टोळीतल्या चौघींची सांगितली, मी लिहिली. दुसरा अर्ज मालकीणबाईंचा. त्यांनी आक्का आणि उरलेल्या तिघींची सांगितली. मी लिहिली. तिसऱ्या अर्जाला माझा हात थांबला.

"काय झालं?" आक्कानं विचारलं.

"काही नाही. शाई."

झालं असं होतं की त्या पाच जणींनी नियम नीट ऐकला होता आणि आपल्या रीतीनं समजून घेतला होता. चार बायका पाहिजेत ना, मग प्रत्येकीला चार आहेतच. हिच्यासाठी त्या चौघी, तिच्यासाठी ह्या चौघी. पाळीपाळीनं पाचही कुकर येतील, पाचवा आला की वारंगुळा फिटला. "आमचं पाच जनींचं झालं की दुसऱ्या पाच जनी बसत्याल," आक्का बाकीच्यांना समजावून सांगत होती. साहेबांच्या झाडाचं त्यांनी कडं करून टाकलं होतं. त्या कड्यात नवी बाई एकही नव्हती, म्हणजे कंपनीच्या हिशेबानं कुणाच्याच खाली कुणी नव्हतं. कुकर एकीलाही येणार नव्हता.

हे समजावून सांगायला मला दोन मिनिटं पुरली असती. पण सांगायचं म्हणजे असं सांगावं लागलं असतं, की बायांनो, तुम्ही पाच जणी पुरत नाही, कितीही जणी पुरत नाहीत, दर वेळी आणखी पाहिजेत. हे ऐकल्याबरोबर त्या उठल्या असत्या. त्यांना पाळी म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. आणि त्या महिन्यात मला पाच अर्ज कमी पडत होते. पाच झाले की कंपनीकडून सायकल होती.

मी शाई झटकली आणि उरलेले अर्ज भरले. सायकल मिळाली. चांगली होती, बरीच वर्षं टिकली.

कंपनीचं पत्र आलं, एकाच नावांची पुनरावृत्ती असल्यानं पाचही अर्ज प्रलंबित. ते मी ट्रंकेत ठेवलं. गावात सांगितलं, माल यायला वेळ लागतो आहे.

त्याच सुमारास दिल्लीत कायदा झाला. बक्षिसांच्या आणि पैशांच्या साखळी योजनांवर बंदी. तुळजापूरच्या मीटिंगला साहेब म्हणाले, "आपल्याला काही संबंध नाही. आपण वस्तू देतो." मग त्यांनी नवे फॉर्म वाटले. जुन्या फॉर्मवर जिथं 'सभासद' होतं तिथं आता 'ग्राहक' होतं. 'कमिशन' होतं तिथं 'सप्रेम भेट'.

परंड्याचा म्हणाला, "संबंध नाही तर फॉर्म का बदलले?"

"जुने संपले होते."

पुढच्या मीटिंगला परंड्याचा आला नाही. त्या मीटिंगला आम्हाला एक पुस्तिका मिळाली, विक्रेत्याची नीतितत्त्वं. गुळगुळीत कागद. ग्राहकाची दिशाभूल करू नये. वस्तूचे गुण वाढवून सांगू नयेत. ग्राहकाच्या भोळेपणाचा किंवा नात्याचा गैरफायदा घेऊ नये. माल न आल्यास रक्कम परत करावी. मी ती एसटीत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. चांगली लिहिली होती. त्यातलं एकही तत्त्व असं नव्हतं की ज्याच्या उलट वागायचं आम्हाला त्याच खोलीत शिकवलं नव्हतं.

मला भीती वाटायला लागली होती. धाराशिवच्या कोर्टात एका वकिलाकडं माझ्या ओळखीचा कारकून होता. त्याच्याकडून मी कायद्याची टाइप केलेली प्रत घेतली. त्यात असं होतं की योजना चालवणारा तर गुन्हेगार आहेच, पण तीत सभासद होणारा, भाग घेणारा, तोही. मी कारकुनाला विचारलं, म्हणजे पैसे बुडाले त्यांनाही धरतात? तो हसला. म्हणाला, "कागदावर तसं आहे. पण फसलेली माणसं स्वतः होऊन तक्रार द्यायला आली तर त्यांना कोण आत घालतं? त्यांना साक्षीदार करतात. धरतात तुमच्यासारख्यांना." मी त्याला चहा पाजला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आक्का मला शोधत धाराशिवला आली. मी खोली करून राहत होतो. ती आत आली नाही, दारात उंबऱ्याच्या बाहेर बसली.

"वरीस होत आलं, हजेरीवाले. कुकर न्हाय, पैका न्हाय. तुमी फिरकत न्हाय. बाया मलाच इचारायल्यात."

"कंपनीचं काम थांबलंय, आक्का."

"ते कंपनीला इचारा म्हनलं तर म्हनत्यात, आमी कंपनी बघितली न्हाय, आमी तुला बघितलं. मोठ्या घरची तर तोंडावर म्हनली, तुजा कुकर आलाय आन तू घरात झाकून ठिवलाय." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "म्या ठरवलंय. ठान्यात जाते. सांगते, आमाला फशिवलं म्हून. मग तर कळंल न्हवं त्यास्नी, की म्या काय खाल्लं न्हाय."

मी ट्रंक उघडली आणि कायद्याचा कागद काढला. कलम वाचून दाखवलं, मग सोपं करून सांगितलं. "सभासद झालेल्यालाही शिक्षा आहे, आक्का. पाच अर्ज आहेत, पाचांवर सह्या-अंगठे आहेत. तुम्ही तक्रार दिली म्हणजे पाचही जणी कबूल झालात."

"आन तुमी?"

"मीही."

"त्या चौघींनाबी धरत्याल?"

"कायद्यात तसं आहे."

कागद तिच्या हातात दिला. तिला सही येत होती, वाचायला येत नव्हतं. तिनं तो उलटसुलट करून बघितला. "मोठ्या घरची सून पोटुशी हाय," ती म्हणाली. "सासूला धरून न्येलं तर घरात दुसरं बाईमानूस न्हाय."

मी कागद परत घेऊन ट्रंकेत ठेवला.

"मग न्हाय जात म्या. ह्ये त्यास्नी तरी सांगू का, कायद्याचं?"

"नका सांगू. घाबरतील. आणि एकीच्या तोंडून बाहेर पडलं की झालंच."

"व्हय, ते बी खरंय."

तिनं पाणी मागितलं, ओंजळीत घेऊन प्याली आणि उठली. सायकल हातात धरून मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेलो. जाताना तिनं मला विचारलं, वाशीची गाडी किती वाजता. ते मी सांगितलं. साक्षीदार करतात, एवढंच सांगितलं नाही.

पुढं महिन्याभरातच कंपनी बंद पडली. साहेब कुठं गेले कळलं नाही. दुसरीकडं कुणीतरी तक्रार दिली, तपासात एजंटांची यादी निघाली आणि मला ठाण्यात बोलावलं. फौजदार सभ्य माणूस होता. त्याच्यापुढं माझ्या गावांचे अर्ज होते. इतर गावांचे त्यानं भराभर वेगळे केले, वर कोण आणि खाली कोण. ह्या पाचांवर अडला. कोऱ्या कागदावर त्यानं नावं लिहिली, बाण काढले.

"ही हिच्या खाली. ती हिच्या खाली. आणि ही परत तिच्या वर?"

"हो."

"असं कसं?"

"त्यांनी असंच सांगितलं."

"म्हणजे पाचही जणी पाचही जणींना फसवतात?" त्यानं पुन्हा बाण मोजले. "कुणीतरी पहिली असेलच ना?"

मी दाईचं नाव सांगितलं.

"आणि तुम्ही?"

"मी फक्त अर्ज भरून दिले. अक्षर बरं आहे म्हणून."

त्यानं अर्ज डोळ्यांजवळ धरला. "खरंच चांगलं आहे," तो म्हणाला.

जीप गावात गेली. आक्काच्या घरासमोर पंधरा मिनिटं थांबली. फौजदारानं चार प्रश्न विचारले, लिहून घेतले, आणि निघून गेला. गुन्हा तिच्यावर दाखल झाला नाही, माझ्यावरही नाही, बोलावणं आलं नाही, कागदावर तिच्याविरुद्ध काही राहिलं नाही. पण कागद ठाण्यात होता. जीप गावानं बघितली होती.

नंतरचं मला त्या गावच्या सोसायटीच्या शिपायाकडून कळलं. मोठ्या घरच्या सुनेचे दिवस भरले तेव्हा तिला आक्काचा हात लागू दिला नाही. बैलगाडी पाठवून दुसऱ्या गावची सुईण आणली. आक्का सकाळपासून पेटी घेऊन गल्लीच्या तोंडाला उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं. आतून पोरीचं ओरडणं ऐकू येत होतं. संध्याकाळी मूल रडल्याचा आवाज आला, तेव्हा ती पेटी घेऊन घरी गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. तसं नसतं तर हे लिहायला मी बसलो नसतो.

मोठ्या घरानं दार लावलं, तसं हळूहळू बाकीच्यांनी लावलं. तिच्या वस्तीतल्या दोघींनीसुद्धा. आरोग्य केंद्राची नर्स विचारायची, तुझ्याकडून नोंद का येत नाही. ती म्हणायची, "पोरं व्हायची थांबल्यात."

मी खरेदी-विक्री संघात लागलो, बियाणं आणि खताच्या काउंटरवर. ह्या वेळी कायम झालो. फुटकं पोतं मी कधी कुणाच्या गळ्यात मारलं नाही. खतात ओल असेल तर तसं सांगायचो. संघात माझं नाव सरळ माणूस म्हणून होतं, नव्या पोरांना माझ्याकडं बघून शिका म्हणायचे. अशा वेळी मी पावतीपुस्तकात बघायचो.

एकदा त्या गावचा एक शेतकरी काउंटरला आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या गावची दाई कशी आहे?

"हाय की. पर आता कुनाकडं जात न्हाय. पेटी गंजली म्हनत्यात तिची."

त्यानंतर मी गावाला गेलो. लगेच गेलो असं लिहिणार होतो, पण दोन वर्षांनी गेलो.

आक्का दारात तूर पाखडत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून म्हणाली, "या, हजेरीवाले. बसा." मी बसलो आणि सगळं सांगितलं. तिसऱ्या अर्जाला थांबलेला हात, सायकल, कारकून काय म्हणाला ते, फौजदारापुढं काय म्हणालो ते. सूप थांबलं नाही.

"साक्षीदार करत्यात, ह्ये तवाच म्हाईत हुतं?"

"होतं."

"जीप तुमी धाडली?"

"नाव मी सांगितलं."

तिनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "मला कशाला सांगायलाव? म्या खाल्लं न्हाय, ह्ये मला म्हाईतच हाय. ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी जाऊन सांगा. चार घरं हायत."

"तुम्ही बरोबर येता का?"

"म्या कशाला? म्या आले तर म्हनत्याल, हिनंच पढवून आनला. तुमचं तुमी सांगा."

मोठ्या घरी मालकीणबाई ओसरीवर बसल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसत होतं. मी हजेरी कारकून म्हटल्यावर ओळख पटली. "तळ्यावरचं. व्हय. लई सुकलाव."

"तुमच्या अंगणात कुकर घेऊन आलो होतो, तो मीच."

"कुकर?" त्या म्हणाल्या. "कुकर तर तिनं इकला."

त्यांना मी आठवतच नव्हतो. स्टोव्ह मी पेटवला होता, शिट्ट्या मी मोजल्या होत्या, पैसे माझ्या हातात पडले होते. आठ-नऊ वर्षं त्यांच्या मनात त्या अंगणात आक्काच उभी होती.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या ऐकत होत्या. सून दाराशी येऊन उभी राहिली. सगळं संपल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "आता काय इकाय आलाव?"

"काही नाही."

"मग ह्ये तुमी का सांगायलाव?"

मी पुन्हा सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "तोंडाचं काय खरं न्हाय. लिहून द्या."

सुनेनं वहीचा कागद आणून दिला. मी लिहिलं. पैसे मी घेतले. कुकर येणार नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. दाईला एकही पैसा किंवा वस्तू मिळालेली नाही. तिला तक्रार द्यायची होती, ती मी देऊ दिली नाही. खाली सही केली. सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचतात तसं.

"मग तिनं आमाला का न्हाय सांगितलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तुम्हाला धरून नेतील अशी भीती मी घातली होती. म्हणाली, सून पोटुशी आहे, घरात दुसरं बाईमाणूस नाही."

सुनेनं कागदाची घडी घातली. नंतर ती उघडली आणि परत घातली. मालकीणबाईंनी तो तिच्याकडून मागून घेतला आणि कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "बसलाव तर च्या घ्या."

चहा आला. मी प्यालो. नको म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाकीच्या तिन्ही घरी गेलो. एकीकडं म्हणाले, आता कशाला ते. दुसरीकडं बाई नव्हती, मुलाला सांगितलं, त्याला कशाबद्दल बोलतो आहे ते समजलं नाही. तिसरी आक्काची चुलत जाऊ. तिनं दिलेल्या शिव्या इथं लिहीत नाही. त्या नेमक्या होत्या. परत जाताना मी आक्काच्या दारावरून गेलो. तिनं विचारलं, "मोठ्या घरची काय म्हनली?"

"लिहून घेतलं."

"बोलली काय न्हाय?"

"नाही."

"बरं," आक्का म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

पुढच्या मृगात मोठ्या घरचा मुलगा, त्या सुनेचा नवरा, बियाणं न्यायला संघात आला. त्यानं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. उशीर झाला म्हणाला, घरात बाळंतपण होतं.

"दवाखान्यात?"

"न्हाय, घरीच. पोरगी झाली."

"सुईण कुठून आणली?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. बियाण्याच्या काउंटरवर असलं कुणी विचारत नाही. "आनायची कशाला," तो म्हणाला, "गावात हाय की."

मी पोतं काट्यावर घेतलं. काटा स्थिर होईपर्यंत दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो.

"बरी आहे का?" मी विचारलं.

"कोन, बाळंतीन?"

मी हो म्हणालो.

"बरी हाय," तो म्हणाला आणि पावती मागितली.